समोर काढलेली धार

मंडळी, निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय ‘ऊर्जा-कार्यक्षमतेच्या राष्ट्रीय सुधारणा आणि परदेशी मदत’. एवढं लांबलचक नाव वाचूनही तुम्ही आलात, म्हणजे लाईटबिल बऱ्यापैकी आलेलं दिसतंय!

सुरुवात आपल्या कोल्हापूरच्या गंगावेशीतून करतो. तिथल्या दूध कट्ट्यावर म्हैस उभी असते, गिऱ्हाईक ग्लास धरून थांबतं, समोर धार काढतात आणि फेसासकट ग्लास तोंडाला लागतो. या माणसाला पिशवीवर छापलेला फॅटचा आकडा दाखवून काय उपयोग? आपला फौंड्रीवाला, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करणारा कारखानदारही त्याच पठडीतला. ‘साहेब, तुमच्या रिपोर्टात बचत लिहिलीय ती खरी असंल. पण हे कुणी बसवलंय? चला, दाखवा.’ ऊर्जा-परीक्षणाच्या, म्हणजे कारखान्यात वीज-इंधन कुठं वाया जातं ते तपासायच्या कामात हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता रिपोर्ट उघडायच्या आधीच गाडीची किल्ली हातात घेतो.

हावड्याच्या फौंड्र्यांचंही हेच होतं. 1990 च्या दशकात स्वित्झर्लंडच्या सरकारी विकास संस्थेनं टेरी या दिल्लीच्या ऊर्जा-संशोधन संस्थेला हाताशी धरून तिथं काम सुरू केलं. क्युपोलात, म्हणजे कोळशाच्या कोकवर चालणाऱ्या उभ्या भट्टीत, हवा एका ओळीतून न सोडता वर-खाली दोन ओळींतल्या ट्युअरमधून, म्हणजे नळ्यांतून सोडायची, प्रत्येक ओळीला किती वारा द्यायचा ते मोजून द्यायचं. 1998 मध्ये अशी पहिली भट्टी चालू झाली. कोक जवळजवळ एक तृतीयांश वाचला आणि बीड, म्हणजे ओतीव लोखंडही जास्त तापलेलं बाहेर यायला लागलं.

यात कसलंही गुपित नव्हतं. हे तंत्र इंग्लंडात आधीच सिद्ध झालेलं होतं. मग तोवर कुणी का केलं नाही? कारण पहिला जो करेल त्याची भट्टी उतरवावी लागणार, उत्पादन थांबणार, आणि फसलं तर नुकसान एकट्याचं. जमलं तर मात्र शेजारी भिंतीवरून डोकावून फुकटात नक्कल मारणार. असा सौदा शहाणा धंदेवाला करत नाही. परदेशी पैसा इथं कामाला येतो: पहिल्याचा धोका उचलायला आणि झालेली बचत चोख मोजून द्यायला.

आता आपल्या गावाचं. 2010 मध्ये जागतिक बँकेमार्फत जागतिक पर्यावरण निधीचं सुमारे 1 कोटी 13 लाख डॉलरचं अनुदान लघुउद्योगांच्या ऊर्जाबचतीसाठी आलं. राबवणारे आपलेच, लघुउद्योगांना कर्ज पुरवणारी सिडबी बँक आणि केंद्र सरकारचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो. सुरुवातीला देशभरातून पाच ठिकाणं निवडली: पुण्याचं फोर्जिंग, अंकलेश्वरची रसायनं, फरिदाबादचे मिश्र उद्योग, तिरुनेलवेलीच्या चुनाभट्ट्या, आणि कोल्हापूरची फौंड्री. पैसे आले म्हटल्यावर पुष्कळांना वाटलं, नवी भट्टी मिळणार. अनुदान होतं परीक्षणाला, प्रशिक्षणाला आणि बँकेला समजेल असा प्रस्ताव लिहून देण्याला. बऱ्याच जणांचा हिरमोड झाला. मला मात्र ती रचना तेव्हाही पटली होती, आजही पटते.

बँकेचं दुखणं वेगळंच आहे. साहेब जमीन तारण घेतात, मशीन तारण घेतात. बचत तारण कशी घ्यायची? ती दिसत नाही, जप्त करता येत नाही. 2008 मध्ये जपाननं सिडबीला 30 अब्ज येन कर्जाऊ दिले तेव्हा यावर एक साधी तोड काढली, ऊर्जा वाचवणाऱ्या यंत्रांची यादीच केली. यादीत नाव असेल तर कर्ज, व्याजात सवलत. त्यामुळं बँकेच्या साहेबाला इंजिनिअर व्हावं लागलं नाही. पण यादीत यंत्रंच असतात, सवयी नसतात.

सुट्टीच्या दिवशी कारखान्यात जाऊन उभे राहा. मोल्डिंग बंद, ग्राइंडिंग बंद, वॉचमन रेडिओ लावून बसलाय. आणि कॉम्प्रेसर दर काही मिनिटांनी आपला आपणच धडधडून उठतो. कुणासाठी? पाइपांच्या सांध्यांतून सू-सू करणाऱ्या गळतीसाठी! सात बार दाबाला तीन मिलिमीटरचं एक भोक तीन-चार किलोवॉट खातं. तीच गत विजेवर धातू वितळवणाऱ्या इंडक्शन भट्टीच्या झाकणाची. झाकण आहे, पण कोपऱ्यात टेकवून ठेवलेलं, कारण उघडझाक कोण करणार. टनामागं फक्त 50 युनिट वाचले असं धरा. महिन्याला 500 टन वितळवणाऱ्याचे 25 हजार युनिट झाले. हे झाकण बसवायला बर्लिनहून कुणी येणार नाही.

परदेशी पैशावरच टेकून राहिलं की काय होतं, त्याचंही उदाहरण देतो. 2009 ची बचत लॅम्प योजना आठवते? साध्या बल्बच्या भावात, 15 रुपयांत, कमी वीज खाणारा सीएफएल दिवा. फरकाची रक्कम परदेशी बाजारात कार्बन क्रेडिट, म्हणजे टाळलेल्या कार्बन-धुराची प्रमाणपत्रं, विकून भरून निघायची होती. क्रेडिटचे भाव कोसळले आणि योजनाही गारठली. त्यानंतर 2015 मध्ये स्वस्त एलईडी बल्बची उजाला योजना आली. ईईएसएल या सरकारी ऊर्जाबचत कंपनीनं देशाची मागणी एकत्र करून घाऊक खरेदी केली, आणि जो एलईडी बल्ब 2014 मध्ये 310 रुपयांना घेतला तो पुढं 38 रुपयांवर आला. जागतिक बँकेचं 22 कोटी डॉलरचं कर्ज ईईएसएलला मंजूर झालं ते 2018 मध्ये, आधी घर उभं राहिल्यावर.

म्हणून मी आधी कायदा बघतो, डॉलर मग. आपला ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा, ब्युरो मार्च 2002 चा. ऊर्जा परीक्षकांच्या राष्ट्रीय परीक्षेला जर्मनांनी हातभार लावला, इमारतींच्या ऊर्जाबचतीचे नियम सांगणाऱ्या 2007 च्या संहितेला यूएसएड या अमेरिकेच्या परदेशी मदत संस्थेनं. 2025 मध्ये अमेरिकेनं ती यूएसएडच गुंडाळली. संहिता इथंच आहे, कारण ती आपल्या कायद्याखाली आहे. ज्यांची नोंद कुठल्याच कायद्यात नाही, असे प्रकल्प निधी संपला की शेवटच्या कार्यशाळेच्या पेढ्याबरोबर संपतात. मी असे पेढे खाल्लेत.

मध्यंतरी कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एका फौंड्रीत गेलो होतो. मी केलेला रिपोर्ट टेबलावर होता, त्यावर चहाचा ट्रे. वर चार संस्थांचे लोगो आणि कपाचे गोल डाग. मालक ओशाळले. मी सहज पानं चाळली. शेवटच्या कोऱ्या पानांवर पेन्सिलीनं आखलेले रकाने होते, तारीख, टन, युनिट, टनामागं युनिट. कोरी पानं संपल्यावर शाळेची शंभर पानी वही दोऱ्यानं शिवलेली. फोरमननं प्रकल्प संपल्यानंतरही एक पाळी चुकवली नव्हती. मला म्हणाला, ‘झाकण उघडं राहिलं की आकडा लगेच बोलतोय बघा. रात्रपाळीवाल्यांस्नी हेच दावतो.’