केळी आडवी झाली, आता मुलांशी काय बोलायचं?

नमस्कार मंडळी. मे-जूनचं वादळ रावेर, यावल, चोपड्याकडून फिरलं की घड लागलेली केळी एका रात्रीत आडवी होते, वर्षभराची मेहनत जाते. त्यातच शाळा उघडते. मग वर्गात एखादं पोर दुसऱ्याला म्हणतं, "तुमची बाग गेली ना, आता तुझे पप्पा कर्ज कसं फेडतील?" ते पोर दुष्ट नसतं. हे वाक्य त्यानं ओसरीवर मोठ्यांच्या तोंडून उचललेलं असतं. म्हणजे पहिली काळजी आपण घ्यायची, पोरांसमोर शेजाऱ्याच्या कर्जाचा हिशेब मांडायचा नाही.

दुसरं, सुरुवात आपल्याच मुलापासून करा. स्वतः घाबरलेल्या मुलाला दुसऱ्याचं दुःख दिसत नाही. जेवणं झाली की फोन बाजूला ठेवून तीनच गोष्टी सांगा: काय झालं, आपण काय करतोय, आणि तुझं काय तसंच राहणार. "वाऱ्यानं केळी पडली. तलाठी पंचनाम्याला येतील, मग बाबा पुन्हा लावणी करतील. तुझी शाळा चालूच राहील." सायकल यंदा जमणार नसेल तर तेही सांगून टाका, खोटा शब्द देऊ नका. पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलांसमोर पडलेल्या बागांचे व्हिडिओ परत परत लावू नका. तेच दृश्य पुन्हा दिसलं की वादळ पुन्हा आलं, असं त्यांना वाटू शकतं.

आता ते टोचणारं वाक्य आपलंच मूल बोललं असेल तर? लगेच "सॉरी म्हण" नको. ते म्हणतं, सुटतं, आणि एवढंच शिकतं की शब्द टाकला की विषय मिटतो. आधी राग, रडू ओसरू द्या. मग विचारा:

"तू बोललास तेव्हा तो काय करत होता?"
"खाली बघत होता."
"मग?"
"डबा नाही खाल्ला त्यानं."
"उद्या तू काय करशील?"

इथे थांबा. उत्तर तुमच्या ओठांवर येईल, पण ते देऊ नका. "डब्याला त्याच्याजवळ बसेन" एवढं आलं तरी पुष्कळ झालं. "त्याला कसं वाटलं असेल?" हा प्रश्न लहानग्यांना जड जातो. खाली गेलेली मान आणि न उघडलेला डबा मात्र त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो. दुसऱ्याच्या मनात आपल्याहून वेगळं काही असू शकतं, हे साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास उमगू लागतं. म्हणून तीन वर्षांचं पोर खेळणं देत नाही, तर त्याला स्वार्थी ठरवू नका.

मग हाताला काम द्या. धडगाव, अक्कलकुव्याकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, सोबत गेलेल्या मुलांचा अभ्यास बुडतो. असा वर्गमित्र परतला की "तुला कोणत्या विषयाची वही हवी?" हे तुमच्या मुलानंच त्याला विचारावं आणि रोज दोन पानं उतरवून द्यावीत. आठवडाभराची वही एकदम लिहायला बसवलं तर ती शिक्षा होते. कपडे द्यायचे तर धुतलेले, बटणं शाबूत असलेले, आणि वर्गासमोर नाही. फोटो तर अजिबात नको, घेणाऱ्या पोराची मान खाली जाते.

आणि मदत केली म्हणून चॉकलेट देऊ नका. वॉर्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये २० महिन्यांच्या बाळांवर केलेला प्रयोग आहे: मदतीबद्दल वस्तू मिळालेल्या बाळांनी पुढे कमी मदत केली, नुसतं कौतुक झालेल्यांची मदत टिकून राहिली.

मूल दोन आठवडे नीट झोपत नसेल, जेवत नसेल किंवा मरणाचं बोलत असेल, तर मात्र घरगुती उपायांवर थांबू नका. मरणाचं बोललं तर दोन आठवडे वाट पाहायचीच नाही, त्याच दिवशी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावा. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे. दोन्ही फोन मोफत आहेत.