लसीच्या ओपीडीत थेरपिस्टताईंची खुर्ची

नमस्कार मंडळी. आज लहान बाळांच्या दवाखान्याबद्दल बोलायचंय. ज्यांच्या घरात पाळणा हलतोय त्यांनी तर ऐकाच, पण आजी-आजोबांनीही जरा इकडे कान द्या, कारण "आमच्या घरात सगळेच उशिरा बोलले" हे वाक्य बहुतेक वेळा तुमच्याकडूनच येतं ना!

आता बघा, बाळाला आपण डॉक्टरकडे नेतो कधी? ताप आला, जुलाब लागले, नाहीतर लस असते तेव्हा. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, मग नऊ महिने, पुढे बूस्टर. डॉक्टर वजन बघतात, छाती तपासतात, पोट दाबतात आणि बाहेर रांग लागलेलीच असते, मग हे बाळ नावाला मान वळवतं का, नजरेला नजर देतं का, हे निवांत बघायला त्यांनी वेळ आणायचा कुठून? डॉक्टरांना नावं ठेवत नाहीये मी. माझं म्हणणं एवढंच की बाळाचा विकास बघायला शिकलेलं माणूस, म्हणजे थेरपिस्ट म्हणा, स्पेशल एज्युकेटर म्हणा, त्याच टीममध्ये, त्याच ओपीडीत बसलेलं पाहिजे. दुसऱ्या इमारतीत नको, दुसऱ्या गावात तर नकोच.

ही ताई करते काय? नऊ-दहा महिन्यांच्या बाळासमोर एक चुरमुरा ठेवते आणि बघत बसते, बाळ तो पंजाने ओढतंय की अंगठा आणि बोट जुळवून उचलतंय. मग बाळाला दिसणार नाही असा बाजूने खुळखुळा वाजवते, चेंडू फडक्याखाली लपवते. आईला वाटतं खेळवतायत. पण तेवढ्यात ताईच्या लक्षात आलेलं असतं की बाळ सगळं उजव्याच हाताने घेतंय आणि डाव्या हाताची मूठ काही सुटत नाहीये. घरचे कौतुकाने सांगत असतात, "बघा, आत्तापासून उजवाच हात पुढे!" पण वर्षाच्या आत बाळ एकच हात वापरत असेल ना तर दुसऱ्या हातात काही अडचण आहे का हे तपासावंच लागतं. हे वेळेवर कळलं तर व्यायाम, खेळ लगेच सुरू होतात, नाहीतर शाळेत घालताना कळतं.

अमेरिकेत हेल्दीस्टेप्स नावाचा कार्यक्रम 90 च्या दशकापासून चालू आहे, त्यात बालविकास तज्ज्ञ बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातच काम करतात, नेहमीच्या चेकअपच्या वेळीच आई-बाबांशी बोलतात. आपल्याकडे काहीच नाही असं मात्र समजू नका हं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, आरबीएसके म्हणतात तो, 6 फेब्रुवारी 2013 ला आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याची फिरती टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासते. त्यात काही सापडलं तर डीईआयसीला पाठवतात, म्हणजे जिल्ह्याचं लवकर उपचार केंद्र. तिथे कागदावर सगळे एका छताखाली: बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, मानसतज्ज्ञ, ऐकण्या-बोलण्याचे तज्ज्ञ, डोळे तपासणारे. कल्पना एक नंबर.

अडतं कुठे, तर मधल्या रस्त्यात. चिठ्ठी मिळते, पण पाड्यावरून जिल्ह्याला यायचं म्हणजे एसटी, दिवसाची मजुरी बुडणार, बाकीची पोरं कोणाकडे ठेवायची, आणि बाळ तर हसतंय-खेळतंय मग कशाला जायचं! चिठ्ठी घरात कुठेतरी खोचलेली राहते. त्यात थेरपी म्हणजे इंजेक्शन नाही, एकदा टोचलं की झालं, तिथे पुन्हा पुन्हा यावं लागतं. म्हणून निदान आठवड्यातून एक दिवस तरी, लसीच्याच दिवशी, यातला एक जण ग्रामीण रुग्णालयात बसला पाहिजे आणि घरी काय करायचं ते आईच्या हातून तिथल्या तिथे करून घेतलं पाहिजे. आणि हो, ही माणसं कंत्राटी ठेवून टीम घट्ट होईल ही अपेक्षा मला तरी पटत नाही.

दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांचं तर आणखीच अवघड. एसएनसीयूमधून, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास कक्षातून, डिस्चार्ज झाला की घरच्यांना वाटतं जिंकलो, आणि वाटणारच, इतके दिवस काचेबाहेर काढलेले असतात. पण अशा बाळांच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर साधारण चार आठवड्यांत तपासावा लागतो, कारण त्यातला आजार बाहेरून दिसत नाही आणि उशीर झाला तर नजर जाऊ शकते. ऐकण्याची तपासणी महिन्याच्या आत व्हायला हवी, दोष असेल तर सहा महिन्यांच्या आत मशीन, थेरपी सुरू व्हायला हवी. आता डोळ्यांची तारीख वेगळी, कानाची वेगळी, फिजिओची वेगळी दिली तर ओली बाळंतीण किती खेपा घालणार? एकच दिवस ठेवा, सगळे त्याच दिवशी बसवा!

तोवर तुम्ही काय करायचं? लसीला जाताना माता-बाल कार्ड नेताच, त्यात लसीच्या तक्त्याखेरीज बाळाने कोणत्या महिन्यात काय करायला हवं याची चित्रंही आहेत, ती घरी नीट बघा आणि जे जमत नाहीये ते नर्सताईंना स्वतःहून सांगा. आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येतात, त्यांनाही सांगा. "बोलेल हो" म्हणून कोणी वाटेला लावलं तर आधी कान तपासून मागा. डीईआयसीत पैसे लागत नाहीत आणि चिठ्ठी नसली तरी जिल्हा रुग्णालयात जाऊन विचारता येतं. बरंय तर, येते मी.