बिळाच्या तोंडाशी: थरचा जर्ड आणि वाळवंटी मांजर

(दृश्य: केर नावाचं काटेरी झुडूप, खाली बिळं, चढतं ऊन)

राजस्थानात जैसलमेरजवळचं डेझर्ट नॅशनल पार्क. केराच्या बुंध्याशी वाळूची चाळण झालीय. ही वाळवंटी जर्डांची, म्हणजे एका जातीच्या उंदरांची वसाहत. थर वाळवंटातले बरेचसे उंदीर रात्री फिरतात, जर्ड मात्र दिवसाचा. थंडीत ऊन चढलं की तो बाहेर येतो. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तेवढी बाहेर, दुपार बिळात.

पुढच्या पंजांकडे बघा. नखं लांब, काळी. पुढचे पाय उकरतात, मागचे वाळू मागे फेकतात. आत बोगदे एकमेकांना जोडलेले असतात आणि बाहेर तोंडं अनेक. खाणं बियांचं आणि पानांचं. कोरड्या दिवसांत मुळंही. पाणी त्यातूनच भागतं.

(दृश्य: सेवण गवतात मांजर)

वाळूचाच रंग, पण अंगावर काळे ठिपके. वजन तीन-चार किलो, म्हणजे पन्नासेक जर्डांच्या भाराइतकं. शेपूट बारीक, शेवटाकडे काळी कडी आणि टोक काळं. पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला काळे पट्टे असतात, तेही बघून ठेवा. पायात पांढरे मोजे किंवा छातीवर पांढरा डाग दिसला, तर पाळीव मांजराच्या रक्ताची शंका घ्यायची.

आता शिकार. मांजराची नखं आत ओढलेली असतात, म्हणून धारदार राहतात. पण उकरायच्या कामाला ती जर्डाच्या जवळपासही येत नाहीत. पिल्लांसाठीसुद्धा ही मांजर बहुधा दुसऱ्याने खणलेली बिळं वापरते. तेव्हा तिचं हत्यार एकच, दबा. बिळाच्या बाजूला, पोट जमिनीला टेकवून, कान पुढे. जर्ड आधी नुसतं डोकं काढतो. मग मागच्या पायांवर उभा राहून टेहळणी करतो. इथे झेप घेतली तर डाव फसला, कारण बीळ एका उडीवर आहे आणि तो दुसऱ्याच तोंडातून वर येईल. बियांच्या मागे तो चार पावलं दूर जाईपर्यंत थांबावं लागतं.

थंडीत मांजरही दिवसा फिरते, म्हणून ही गाठ पडते. उन्हाळ्यात ती बरीचशी रात्रीची होते आणि जर्ड तेव्हा झोपलेला. मग रात्रीचे उंदीर, पक्षी, साप, जे मिळेल ते.

(दृश्य: बाजरीचं शेत, बांधावरची बिळं)

जर्ड बाजरी खातो, मूग-मटकी खातो; शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही. म्हणून विष येतं. ब्रोमाडायोलोन या विषाने उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर राहतो, सहज पकडला जातो, आणि विष त्याच्या यकृतातून खाणाऱ्याच्या पोटात जातं. जर्डाची मादी साधारण चार आठवड्यांत विते, मांजरीला दोन महिने लागतात. रिकामी बिळं शेजारच्या बांधावरून लवकर भरतात. मांजरीची जागा भरायला भटकी पाळीव मांजरं येतात, आणि संकर वाढतो.