तीन पायऱ्या आणि एक उतार

[दृश्य : शाळेचा व्हरांडा, पायऱ्या, शेजारी नवा उतार]

या तीन पायऱ्या. बडोद्याच्या जुन्या वस्तीतली ही गुजराती माध्यमाची प्राथमिक शाळा. इथली मुलं या पायऱ्या चढत नाहीत, उडी मारूनच पार करतात. तिसरीतली एक मुलगी मात्र रोज वडिलांच्या कडेवरून वर यायची आणि शाळा सुटेपर्यंत वरच बसायची.

[दृश्य : खडूच्या रेघा, मिस्त्री, सिमेंटचं घमेलं]

उतार करायचा म्हणजे पायऱ्यांवर सिमेंट ओतलं की झालं, असं मिस्त्रीला वाटत होतं. पण हिशेब बारास एकचा असतो. एक फूट वर जायचं, तर बारा फूट लांबी हवी. पायऱ्यांची उंची ४५ सेंटिमीटर, म्हणजे उतार ५ मीटर ४० सेंटिमीटर. एवढी सरळ जागा अंगणात नव्हती. मध्ये पाण्याची टाकी. मग टाकीपाशी उतार वळवला, वळणावर चाकांची खुर्ची फिरेल एवढी सपाट जागा सोडली. कठडे दोन उंचींवर : वरचा मोठ्यांच्या हाताला, खालचा पोरांच्या. आचार्यांनी, इथे मुख्याध्यापकांना आचार्यच म्हणतात, सगळं स्वतः खडूने आखलं. मिस्त्री वैतागला होता, ते तुम्हाला दिसतंच आहे.

ती मुलगी आता मधल्या सुट्टीत खाली येते.

[दृश्य : दुसरीचा वर्ग, भिंतीवर दोन तक्ते]

हा दुसरीचा वर्ग. कुणाच्या घरी गुजराती, कुणाच्या हिंदी, कुणाच्या उर्दू. मराठी मुलांपैकी काहींची घराणी गायकवाडी काळापासून दांडिया बाजारात आहेत, तर काहींचे आईवडील कामासाठी खानदेशातून आले. दाहोदकडची मुलं भिली बोलतात, आईवडील बांधकामावर असतात. भिंतीवर गुजराती मुळाक्षरं आणि शेजारीच बाळबोध. गुजरातीत अक्षरांच्या डोक्यावर रेघ नाही, एवढं कळलं की मराठी पोरांचं अर्धं काम होतं. भिलीचा तक्ता मिळत नाही. म्हणून बेन, म्हणजे वर्गाच्या बाई, त्या मुलांना आधी त्यांच्याच बोलीत गोष्ट सांगायला लावतात आणि नंतर सगळ्यांकडून तीच गुजरातीत वदवून घेतात. बाकावर शेजारी कोण बसणार, ते दर सोमवारी चिठ्ठ्या टाकून ठरतं. झाडूची पाळीही चिठ्ठीनेच. पूर्वी झाडू फक्त मुलींच्या हाती यायचा.

[दृश्य : सयाजीबाग, काळा घोडा]

हे शहर या बाबतीत जुनं आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं, १९०६ मध्ये ते साऱ्या संस्थानाला लागू झालं. मुलींनाही. पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकांना दंड होता. गोखल्यांनी १९११ मध्ये कलकत्त्याच्या कौन्सिलात सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाताशी होता. विधेयक पडलं. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी तर महाराजांनी सक्तीच्याही आधी शाळा काढल्या होत्या. तिथे शिकवायला सवर्ण मास्तर तयार होईनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पुढे पंजाबातून आर्यसमाजी पंडित आत्माराम आले आणि त्यांनी या शाळांचं काम अंगावर घेतलं.

[दृश्य : संकल्पभूमी]

आणि हीच ती बाग, जिथे बसून आंबेडकरांनी अस्पृश्यतेविरुद्ध लढायचा संकल्प केला, असं सांगतात. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेले भीमराव आंबेडकर १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यात आले, तेव्हा त्यांना कुणी खोली दिली नाही. पारशी सराईतूनही त्यांना बाहेर काढलं. दरबारात नोकरी होती, गावात खोली नव्हती. सयाजीरावांचं कौतुक करताना आम्ही बडोदेकर ही गोष्ट जरा हळू आवाजात सांगतो.

[दृश्य : शाळेचं फाटक, प्रवेशाची रांग]

पुन्हा शाळेत. दाखला यायला उशीर झाला म्हणून मुलाला परत पाठवायचं नाही, असं २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. वयाचा पुरावा नसला, तरी प्रवेश नाकारता येत नाही. होळीला दाहोदकडे गेलेली कुटुंबं कधी दुसऱ्याच साइटवर उतरतात. अशा मुलांना इथे आधी वर्गात बसवतात, कागद मागून येतात. शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी जात विचारायची असते, ती वर्गात पोराला उभं करून नाही, पालकांना ऑफिसात बोलावून. तिथे आम्ही कॅमेरा नेला नाही.

[दृश्य : जेवणाची पंगत]

मधल्या सुट्टीतलं जेवण. हजेरीच्या क्रमाने बसायचं, एक दिवस पहिल्यापासून, दुसऱ्या दिवशी शेवटून. वाढायला पाचवीची मुलं-मुली. दोन घरांनी सुरुवातीला डबे पाठवले होते. आता येत नाहीत.

[दृश्य : स्वच्छतागृहाचं दार, मोजपट्टी]

स्वच्छतागृहाचं दार अजून अरुंद आहे, चाकांची खुर्ची आत जात नाही. चौकट बदलायचा अर्ज गेला आहे. मिस्त्री तोच येणार, असं आचार्य म्हणतात.