पत्ती वाजते, लाकूड नाही

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'ओबोची पत्ती'. ओबो इथे कोणी पाहिला नसेल तरी बिघडत नाही. सनई सगळ्यांच्या कानातली आहे आणि ओबो तिची विलायती चुलतबहीण. दोघींच्या तोंडाशी दुहेरी पत्ती. पुस्तकात तिला जिव्हाळी म्हणतात. (मागून कोणी विचारायच्या आत सांगतो, "मंग नाकातून काऊन वाजते?" तर या पत्तीमुळेच.)

लग्नात सनई चिरकली की आपण वाजवणाऱ्याला नावं ठेवतो. अहो, वाजते कोण? ओबोतून ४४०चा सूर निघतो तेव्हा ती दोन पानं सेकंदाला ४४० वेळा मिटतात नि उघडतात. किती वेळा, ते नळी ठरवते. पण हलते पत्तीच. आणि पत्ती म्हणजे काय, तर गवत! बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या डुमरावकडे शोण नदीच्या काठी नरकट मिळतं, सनईची पत्ती त्याची. आपल्या नाल्याकाठच्या बेशरमाची होत नाही, उगाच विळा घेऊन निघू नका.

आता आपली लग्नसराई कधी? भर वैशाखात! यवतमाळ-वर्ध्याकडे पारा ४५वर आणि हवा कोरडी ठक्क. पत्ती आतून थुंकीने फुगते, बाहेरून सुकते आणि वाकडी होते. कडा जुळत नाहीत, हवा बाजूने निसटते, सूर फुटतो. म्हणून वाजवण्याआधी वाटीभर साध्या पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजवायची. अर्धा तास ठेवली तर तोंड फार उघडतं आणि फुंकणाऱ्याचा दम निघतो. मग खालचं भोक बोटाने दाबून वरून फुंका. बाजूने फुस्स झालं तर ती पत्ती बाजूला ठेवा. सनईला दोऱ्याने टांगलेल्या जादा पत्त्या शोभेच्या नसतात, त्या याचसाठी. काम झालं की सावलीत वाळवायची. डबी हवाबंद नको, बुरशी धरते. कोणी डबीत संत्र्याची साल ठेवतात. ओलावा टिकतो खरा, पण साल स्वतःच दोन दिवसांत बुरसते.

बँडवाल्यांच्या क्लॅरिनेटची पत्ती एकेरी. वरात संपल्यावर ती तशीच कसून ठेवली की टोकाला लाटा येतात. सपाट काचेवर ६०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून पाठीची बाजू हलक्या हाताने चार वेळा घासा, बसते. टोकाचा टवका गेला असेल तर मात्र फेकाच.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. ओबो राहिलाच की!

तर, फ्रान्सच्या दक्षिणेला वार नावाच्या भागात अरुंडो डोनॅक्स नावाचं बांबूसारखं उंच गवत उगवतं. हिवाळ्यात कापतात, वाळवतात. साधारण १० मिलिमीटर व्यासाची नळी उभी तीन फाका करून आतून तासतात, मध्ये ०.६ मिलिमीटर उरेपर्यंत. भिजवून दुमडायची, आकार द्यायचा, ४७ मिलिमीटरच्या धातूच्या नळीवर दोऱ्याने बांधायची. दोरा नळीच्या टोकाशीच थांबला पाहिजे. एक वेढा पुढे गेला की पत्तीचा गळा आवळला. मग वरची घडी कापून खरवडायचं: टोक कागदासारखं, मधला भाग जाड. नुसती पत्ती फुंकली की कावळ्यासारखी ओरडते. तो सूर खाली असेल तर टोक केसभर कापा, चढतो. जास्त कापलं तर परत येत नाही. आणि चाकू बोथट असला तर पत्ती खरवडली जात नाही, फाटते. धार कशी लावायची तेही सांगणार होतो, पण अध्यक्ष उभे राहिलेत.