मर्फीची आयाळ, मर्फीचे पाय

मंडळी, नमस्कार. जुलैच्या सहलीत तुमच्यापैकी बरेच जण यार्डवर, म्हणजे तबेल्याच्या आवारात, माझ्या मर्फी या कॉब घोड्याला भेटायला आला होतात. मुलांनी त्याला गाजरं भरवली आणि मोठ्यांनी जवळजवळ एकच प्रश्न विचारला: "फोटोत याच्या पायांवर एवढे सुंदर केस होते, ते कापलेत का हो?" कापले. का कापले आणि आयाळ मात्र का वाढवते आहे, ते उभ्याउभ्या सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून आजचं बोलणं.

आधी कॉब म्हणजे काय ते सांगते. ब्रिटन-आयर्लंडमध्ये कॉब म्हटलं की जातीपेक्षा अंगकाठी समजायची. आखूड भक्कम पाय, रुंद छाती, गोल पुठ्ठे, शांत स्वभाव. वेल्श कॉब ही मात्र रीतसर नोंदणी असलेली जात. घोड्याची उंची इथे हँडमध्ये मोजतात. एक हँड म्हणजे चार इंच. आपल्या कोपरापासूनच्या हाताशी गल्लत करू नका. मर्फी १४.२ चा आहे, म्हणजे चौदा हँड आणि वर दोन इंच, साधारण १४७ सेंटिमीटर.

तो आयर्लंडहून आला. रोमानी आणि आयरिश ट्रॅव्हलर या भटक्या लोकांनी गाडीला जुंपण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जी जनावरं पैदा केली, त्यांच्यातला. या लोकांना केसांची फार हौस. गुडघ्याखालून सुरू होऊन खूर झाकून टाकणारी जी झालर असते, तिला इथे फेदर म्हणतात. आयाळ मानेच्या दोन्ही बाजूंनी लोंबते. दर जूनमध्ये कंब्रियातल्या ॲपलबी गावी यांची जत्रा भरते आणि घोडे ईडन नदीत नेऊन धुतात. सारंगखेड्याची यात्रा ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिथला उत्साह ओळखीचा वाटेल. नदीतून वर आलेला घोडा अंग झाडतो आणि ओल्या झालरीतून पाणी निथळत राहतं, ते बघताना मी भान हरपून उभी राहिले होते. त्या केसांचं सौंदर्य मला कळतं, हे आधीच सांगून ठेवते.

आता याच अंगकाठीचा घोडा शो कॉबच्या, म्हणजे प्रदर्शनातल्या स्पर्धेच्या, रिंगणात न्यायचा झाला तर आयाळ मुळापासून भादरतात आणि पाय चोपडे करतात. आयाळ भादरण्याला हॉगिंग म्हणतात. त्याचं मूळ कामात आहे. लगाम, गळपट्टा, जोत यांत लांब केस अडकतात आणि ते विंचरायला वेळ जातो. पोलोच्या घोड्यांची आयाळ आजही काठी अडकू नये म्हणून काढतात. पूर्वी कॉबची शेपटीसुद्धा हाडासकट छाटत. ते क्रौर्य १९४९ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये बंद झालं, आणि योग्यच झालं. शेजारच्या रिंगणात मात्र पारंपरिक कॉबचा वर्ग असतो, तिथे एक केसही कापलेला चालत नाही. म्हणजे रूढी दोन्ही बाजूंनी सांगतात. घोड्याच्या कातडीला काय हवं, हे दोन्हींत कुणी विचारलेलं नसतं.

मीही विचारलं नव्हतं. दीड वर्षापूर्वी, मे महिन्यात, एका अनुभवी बाईंच्या सांगण्यावरून मी मर्फीची आयाळ भादरली. दहा मिनिटांचं काम. मान एकदम भरदार, रेखीव दिसली. जून लागला आणि चिलटं आली. क्युलिकॉइडिस नावाचे हे बारीक चावरे कीटक पहाटे आणि सांजवेळी घोंगावतात. त्यांच्या चाव्याची ॲलर्जी असलेला घोडा आयाळीचा भाग आणि शेपटीचं मूळ रक्त येईपर्यंत घासतो. मर्फीला ती ॲलर्जी थोडी आहे, हे मला तेव्हा समजलं, कारण आदल्या उन्हाळ्यात आयाळीने त्याला बरंच वाचवलं होतं. तो कुंपणाच्या खांबावर मान घासायचा आणि खांबाला रक्त-केस चिकटलेले असायचे. मग मानेपर्यंत येणारी जाळीची झूल घालून उन्हाळा काढला. कपाळावरची बट मी कापली नव्हती, तेवढीच डोळ्यांवरच्या माश्या वारायला उरली.

आयाळ महिन्याला जेमतेम दोन सेंटिमीटर वाढते. पहिले कित्येक महिने ती फणीसारखी ताठ उभी राहते, नंतर लांबीच्या वजनाने कलते. दहा मिनिटांत काढलेलं परत यायला दोन-तीन वर्षं. म्हणून काही कापण्याआधी मी आता पहिला हिशेब हा करते: हे परत यायला किती दिवस लागतील, आणि मधल्या काळात घोड्याने काय सोसायचं?

पायांचा हिशेब मात्र उलटा निघाला, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. या जानेवारीत रात्री तबेल्यातून सारखा पाय आपटण्याचा आवाज यायचा. मर्फी दातांनी पाय कोरायचा, एक पाय दुसऱ्यावर घासायचा. वरून झालर स्वच्छ, धुतलेली. मी खाली बसले आणि केसांत बोटं घातली. खुराच्या वर मागच्या बाजूला जी खोबण असते, तिथे खरखरीत खपल्या हाताला लागल्या, काही ओलसर. कुबट वास येत होता. व्हेटने, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरने, कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली: कोरिऑप्टिस जातीच्या किडी. त्या कातडीच्या पृष्ठभागावर राहतात, कोंडा खातात आणि दाट केसांची ऊब त्यांना मानवते. घोड्यापासून सुटल्या तरी गवताच्या अंथरुणात त्या कित्येक आठवडे जगू शकतात.

त्या दिवशी झालर उतरवली. आधी कात्रीने, मग पाय धुऊन पूर्ण कोरडे करून क्लिपरने. क्लिपरचं पातं तापतं, त्यामुळे दर दोन मिनिटांनी ते मी माझ्या मनगटाला लावून बघत होते. सगळे केस उतरल्यावर दिसलं की खपल्या गुडघ्याच्या जवळपर्यंत गेल्या होत्या. किती महिन्यांचं ते दुखणं, मला ठाऊक नव्हतं. केसांवरून औषध ओतलं असतं तर कातडीपर्यंत पोचलंच नसतं. दोन आठवड्यांच्या अंतराने दोन इंजेक्शनं झाली, कारण पहिल्याने अंडी मरत नाहीत. तबेला रिकामा करून धुतला, ब्रश उकळले. पाय आपटणं थांबलं.

यार्डवरचे जुने लोक म्हणतात, फेदर म्हणजे शाकारलेलं छप्पर, पाणी वरच्यावर वाहून जातं. निरोगी कातडीवर, कोरड्या कुरणात हे खरंही आहे. ते लोक झालरीला गंधक मिसळलेलं पिग ऑइल चोळतात. नावात डुक्कर असलं तरी हे साधं खनिज तेल असतं, आणि त्याने चिखल चिकटत नाही. काही घोड्यांची कातडी मात्र त्याने पोळते, तेव्हा आधी बोटभर जागेवर लावून दिवसभर थांबावं. पण आमच्या कुरणाच्या फाटकाशी नोव्हेंबर ते मार्च घोटाभर चिखल असतो. तिथे भिजलेली झालर रात्रभर वाळत नाही, आणि मऊ पडलेल्या कातडीत जंतू शिरून मड फीव्हर होतो. शाकारलेल्या छपरातही शेवटी गळती शोधायला कुणीतरी वर चढावंच लागतं.

दाट फेदरच्या जातींना, म्हणजे शायर, क्लाइड्सडेल आणि आमचे हे कॉब यांना, आणखी एक दुखणं होतं: क्रॉनिक प्रोग्रेसिव्ह लिम्फेडीमा. पायातला लसिकेचा, म्हणजे लिम्फ या द्रवाचा, निचरा हळूहळू मंदावतो, पाय सुजतो, कातडी जाड होऊन तिला घड्या आणि गाठी पडतात. ते बरं होत नाही, लवकर सापडलं तर फक्त आवरता येतं. आणि त्याची सुरुवात नेमकी केसांखाली लपते. झालर राखणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. पण रोज तिच्याखाली हात घालणार नसाल तर ती राखू नका, एवढं मी ठासून सांगते.

कापल्यावर जबाबदारी संपत नाही. मर्फीचे पाय पांढरे, म्हणजे आत गुलाबी कातडी. उन्हाळ्यात ती भाजते. तुम्ही आलात तेव्हा त्याच्या पायांना जे पांढरं मलम दिसलं, ते उन्हासाठी होतं.

अंगावरच्या हिवाळी केसांबद्दल थोडक्यात. दिवस लहान होऊ लागले की दाट केस येतात आणि दिवस वाढू लागले की झडतात. मर्फी आठवड्यातून चार दिवस काम करतो, घामाने भिजतो आणि तासन्‌तास ओला राहतो. म्हणून ऑक्टोबरमध्ये गळ्याखालचे आणि पोटाचे केस काढते, पाठ तशीच ठेवते. कापणी जानेवारीअखेर थांबवते, कारण त्यानंतर उन्हाळी केस यायला लागतात. जो घोडा काम करत नाही, बाहेरच राहतो, त्याला हात लावू नये. म्हाताऱ्या घोड्याचे केस उन्हाळ्यातही लांब, कुरळे राहिले तर क्लिपर उचलण्याआधी व्हेटला बोलवा, बहुधा ते हार्मोनचं दुखणं असतं.

आणि नाकातोंडाभोवतीच्या मिशा? त्या कधीच नाही. त्यांच्या मुळाशी मज्जातंतू असतात, तोंडाजवळचं जे डोळ्यांना दिसत नाही ते घोड्याला त्यांनी समजतं. आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाने १ जुलै २०२१ पासून मिशा कापलेल्या घोड्यांना आपल्या स्पर्धांत बंदी केली.

मर्फीची आयाळ आता वीतभराहून लांब झाली आहे आणि उजवीकडे कलली आहे. पाय मी दर काही आठवड्यांनी बारीक ठेवते. मार्चपर्यंत कातडी स्वच्छ राहिली तर उन्हाळ्यात झालर वाढू द्यायची, असं मनात आहे. काल संध्याकाळी हात घातला तेव्हा उजव्या मागच्या पायाच्या खोबणीत तांदळाच्या दाण्याएवढी एक खपली लागली. इथून निघाल्यावर घरी जाण्याआधी मी यार्डवर जाऊन तीच बघणार आहे.