उजनीच्या चिखलावरचे रोहित

(अंधूक उजेड. काठाला लागलेल्या होड्या. पाण्यावर धुक्याचा पातळ थर.)

सकाळचे सव्वासहा. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं साधारण शंभर किलोमीटर आलं की भिगवण लागतं. तिथून आत वळल्यावर हे कुंभारगाव. समोरचं पाणी उजनी धरणाचं, म्हणजे भीमेचंच. १९८०मध्ये धरण पूर्ण झालं आणि काठची गावं या पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ आजही उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं.

पाणी उतरण्यावरच इथले पक्षी अवलंबून असतात. पावसाळ्यानंतर धरण तुडुंब असतं, तेव्हा रोहित उभा राहणार कुठे? थंडी सरत येते, पाणी मागे हटतं, काठचा चिखल उथळ होतो आणि मग त्यांचे थवे उतरतात. रोहित म्हणजे फ्लेमिंगो. आमचे नावाडी दादा फ्लेमिंगोच म्हणतात.

(होडी पाण्यात ढकलली जाते. इंजिनाचा आवाज.)

माझ्या मांडीवर १५०-६०० मिलिमीटरची, लांबचा पक्षी जवळ ओढणारी लेन्स आहे. हीच लेन्स घेऊन पहिल्या वर्षी आले होते, तेव्हा शेकडो फोटो काढले आणि घरी मोठ्या पडद्यावर पाहिले तर एकाही पक्ष्याचा डोळा स्पष्ट नव्हता. पिसं पाण्यात विरघळल्यासारखी. लेन्समध्येच दोष असणार, असं धरून मी ती तपासायला दिली. लेन्स ठणठणीत निघाली.

मग फोटोंवरच्या वेळा पाहिल्या. बहुतेक सगळे अकरानंतरचे, आणि पक्षी दीडशे मीटर लांब. ऊन चढलं की चिखल तापतो, त्याच्यावरची हवा तापते. गरम आणि गार हवेचे पदर एकमेकांत घुसळत राहतात आणि त्यांतून येणारा प्रकाश क्षणाक्षणाला वाकतो. मे महिन्यात डांबरी रस्त्यावर लांबून येणारी एसटी थरथरताना दिसते, तेच हे. लांब पल्ल्याची लेन्स पक्षी मोठा करते, तशी ही थरथरही मोठी करते. असा फोटो संगणकावर कितीही घासूनपुसून घेतला तरी हवेनं नेलेली पिसं परत येत नाहीत. म्हणून आता आम्ही सूर्य वर यायच्या आत पाण्यात असतो आणि साडेनऊला परत फिरतो.

दुसरा उपाय, मधली हवा कमी करायची. ऐंशी मीटरवरचा पक्षी चाळीस मीटरवर आला की चित्रात दुप्पट उंच दिसतो आणि चौपट जागा व्यापतो. म्हणजे माझी ६००ची लेन्स एका पैशाचा खर्च न करता १२००ची झाली, वर हवाही निम्मीच उरली.

पण हे अंतर कापायचं कुणी?

(लांबवर गुलाबी-पांढरी रांग. इंजिन बंद होतं. दादा बांबू हातात घेतात.)

"दादा, अजून थोडं पुढे घ्या ना."

"थांबा ताई. माना बघा त्यांच्या."

मी बघते. चरणाऱ्या रोहितांची डोकी पाण्यात उलटी असतात. चोचीतल्या गाळणीतून पाणी आणि चिखल गाळून ते बारीक जीव टिपतात. आत्ता चार माना वर आल्यात. मग दहा. मग सगळे एकाच दिशेनं चालू लागतात. पुढची पायरी पाण्यावरून धाव आणि उड्डाण. दादांनी बांबू चिखलात रोवून होडी थोपवली. इथल्या कितीतरी नावाड्यांसारखी त्यांचीही हयात मासेमारीत गेली आहे, पाण्यावरची कुठलीही हालचाल त्यांना माझ्याआधी दिसते.

एकदा शेजारच्या होडीतून कुणीतरी म्हणालं होतं, "उडवा की, पंख उघडे मिळतील." थवा उठला. चरायची वेळ गेली, आणि त्या पक्ष्यांना परत बसायला कितीतरी लांब जावं लागलं. मला याचा फार राग येतो. उडवलेल्या थव्याचा फोटो मी लगेच ओळखते: सगळ्यांच्या शेपट्या आपल्याकडे. घाबरलेला पक्षी तोंड फिरवूनच पळतो.

उडतानाचा फोटो हवाच असेल तर वारा बघावा. पक्षी वाऱ्याला तोंड देऊन उठतो आणि तसाच उतरतो. सकाळी वारा पूर्वेचा असेल तर सूर्य पाठीशी घेऊन बसावं. उतरणारा पक्षी समोर तोंड करून येतो आणि ऊन नेमकं त्याच्या चेहऱ्यावर पडतं.

(नदी सुरय पाण्यावर घिरट्या घालतो, सूर मारतो.)

हा नदी सुरय. केशरी चोच, काळी टोपी. याच्यासाठी शटर सेकंदाच्या १/३२०० भागापुरतंच उघडं ठेवलंय; चरणाऱ्या रोहितांना १/१००० पुरतं. कमी उजेडात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढवावा लागतो आणि फोटोत दाणे येतात. येऊ देत. दाणे नंतर कमी करता येतात, हललेला डोळा दुरुस्त होत नाही. होडीत तिपाई मी आणत नाही, होडीची प्रत्येक थरथर तिच्यातून कॅमेऱ्यात चढते. कोपरं गुडघ्यांवर टेकवून, जमेल तितकं खाली बसून, लेन्स होडीच्या काठालगत आणते. पाण्याच्या पातळीवरून पक्ष्याच्या नजरेला नजर मिळते आणि मागचं पाणी मऊ पडद्यासारखं होतं.

पांढऱ्या पिसांचं मात्र जपावं लागतं. गडद पाणी पाहून कॅमेरा चित्र उजळ करायला जातो आणि छातीवरची पिसं पांढऱ्या डागात हरवतात. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजळपणा, पाऊण स्टॉप खाली (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा).

(लांब शांतता. पाण्याचा चुबुक-चुबुक आवाज.)

वीस मिनिटं झाली. कुणी बोलत नाही. माना एकेक करून पुन्हा खाली गेल्या आहेत. थवा चरत चरत वळलाय आणि आता आमच्याच दिशेनं सरकतोय. साठ मीटर. पन्नास. राखाडी-तपकिरी रंगाचं या वर्षीचं एक पिल्लू सगळ्यांच्या पुढे आलंय. एक मोठा रोहित पाय झाडतो, चोच उचलतो, चोचीच्या काळ्या टोकावरून थेंब ओघळतो. त्याचा फिकट पिवळा डोळा मला भिंगातून स्पष्ट दिसतो.

(शटरचा आवाज. एकदा. मग सलग.)

सव्वानऊ. चिखलावरची हवा हलायला लागली आहे. मी लेन्सला टोपण लावते. दादा इंजिन लावत नाहीत, बांबूनंच होडी मागे रेटतात. बऱ्याच लांब आल्यावर मी वळून पाहते. सगळ्यांची डोकी अजून पाण्यातच आहेत.